सोळा जागा, बारा विजेते: ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ २०२०चं प्रकरण

पार्श्वभूमी

व्यावसायिक स्नूकरमध्ये बहुतेक स्पर्धांचं दार क्रमवारीतून किंवा पात्रता फेरीतून उघडतं. ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’चा नियम वेगळा आहे. गेल्या वर्षभरात काहीतरी जिंकलेल्यांनाच इथे आमंत्रण मिळतं. १९७८ आणि १९८० मध्ये या नावाने स्पर्धा झाल्या आणि मग ती बंद पडली. २०१३ मध्ये मॅचरूम स्पोर्ट या आयोजक कंपनीने ती इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत पुन्हा सुरू केली. पहिल्या अंतिम सामन्यात रॉनी ओसुलिव्हनने स्टुअर्ट बिंगहॅमला १०–८ असं हरवलं.

ही स्पर्धा माजी विजेत्यांची असली, तरी जुन्या कीर्तीची नाही. चार वेळचा विश्वविजेता जॉन हिगिन्स किंवा तीन वेळचा विश्वविजेता मार्क विल्यम्स यांनाही गेल्या बारा महिन्यांत करंडक मिळाला नसेल, तर नावाच्या बळावर जागेचा हक्क सांगता येत नाही.

रचना आटोपशीर आहे. सोळा खेळाडू, चार गट, प्रत्येक गटात चार जण. सोमवार ते गुरुवार रोज एक गट पूर्ण होतो: आधी बेस्ट ऑफ ७चे (सातपैकी चार फ्रेम, म्हणजे डाव, आधी जिंकणारा विजयी) दोन सामने, मग त्याच दिवशी त्यांच्या विजेत्यांत बेस्ट ऑफ ११ची गटाची अंतिम लढत. शुक्रवारी आणि शनिवारी उपांत्य सामने, तेही बेस्ट ऑफ ११. रविवारी बेस्ट ऑफ १९ची अंतिम लढत. सात दिवसांत एकूण पंधरा सामने. जेतेपदासाठी ४ + ६ + ६ + १० अशा २६ फ्रेम जिंकाव्या लागतात.

बक्षिसाची रक्कम एकूण ४,४०,००० पौंड. विजेत्याला १,५०,०००, उपविजेत्याला ६०,०००, उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांना प्रत्येकी ३०,०००, गटाच्या अंतिम लढतीत हरणाऱ्या चौघांना प्रत्येकी १७,५०० आणि पहिलाच सामना हरणाऱ्या आठ जणांना प्रत्येकी १२,५००. म्हणजे नुसती जागा मिळाली की किमान १२,५०० पौंड नक्की. मात्र ही आमंत्रितांची स्पर्धा असल्यामुळे यातला एकही पौंड जागतिक क्रमवारीत मोजला जात नाही. ती क्रमवारी दोन वर्षांच्या बक्षिसाच्या रकमेवर चालते आणि त्यात फक्त क्रमवारीच्या स्पर्धा धरतात.

अडचण

नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२० या काळात मुख्य सर्किटवर काय घडलं ते ओळीने पाहू, कारण सगळा पेच या यादीतच आहे.

नॉर्दर्न आयर्लंड ओपन जड ट्रम्पने जिंकली. यूके चॅम्पियनशिप डिंग जुनहुईने, स्कॉटिश ओपन मार्क सेल्बीने. जानेवारीत मास्टर्स बिंगहॅमने, युरोपियन मास्टर्स नील रॉबर्टसनने. मग जर्मन मास्टर्स ट्रम्प, वर्ल्ड ग्रां प्री पुन्हा रॉबर्टसन, वेल्श ओपन शॉन मर्फी, शूटआउट मायकेल होल्ट, प्लेअर्स चॅम्पियनशिप पुन्हा ट्रम्प. मार्चमध्ये चॅम्पियनशिप लीग स्कॉट डोनाल्डसनने आणि जिब्राल्टर ओपन परत ट्रम्पने. मग टाळेबंदी आली. जूनमध्ये खेळ सुरू झाल्यावर चॅम्पियनशिप लीगची खास आवृत्ती लुका ब्रेसेलने आणि टूर चॅम्पियनशिप स्टीफन मॅग्वायरने जिंकली. ऑगस्टमध्ये ओसुलिव्हन विश्वविजेता झाला. सप्टेंबरची युरोपियन मास्टर्स सेल्बीकडे, ऑक्टोबरची इंग्लिश ओपन ट्रम्पकडे, आणि ऑक्टोबरअखेरची चॅम्पियनशिप लीग कायरन विल्सनकडे गेली.

स्पर्धा अठरा, विजेते बारा. ट्रम्प एकट्याने पाच, रॉबर्टसन आणि सेल्बी प्रत्येकी दोन. २०१९–२० च्या हंगामात ट्रम्पने क्रमवारीच्या सहा स्पर्धा जिंकल्या, आणि एका हंगामात सहा हा तेव्हाचा विक्रम होता. खेळाच्या दृष्टीने ही थक्क करणारी कामगिरी आहे. आमंत्रणं देणाऱ्याच्या दृष्टीने मात्र प्रत्येक वाढीव करंडक म्हणजे एक रिकामी जागा.

दुसरं कारण महामारीचं. वसंतातली चायना ओपन आणि पुढच्या हंगामातल्या चीनमधल्या स्पर्धा रद्द झाल्या. इंडियन ओपन तर त्याआधीच कॅलेंडरमधून गेली होती. दिल्लीत २०१३ साली आदित्य मेहताने जिच्या अंतिम फेरीत धडक मारली, २०१५ मध्ये जी मुंबईत झाली, ती स्पर्धा २०१९ साली कोचीत शेवटची झाली. अशा स्पर्धांचं मोल फक्त यजमान शहरापुरतं नसतं. लांबच्या प्रवासाला काही बडे खेळाडू येत नाहीत, त्यामुळे तिथे नवा विजेता मिळण्याची शक्यता वाढते. त्या रद्द झाल्या की उरलेले करंडक त्याच चार-पाच हातांत फिरतात.

तिसरी अडचण तारखांची. विल्सनने जिंकलेली चॅम्पियनशिप लीग संपली शुक्रवारी, ३० ऑक्टोबरला. ३१ ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये दुसऱ्या टाळेबंदीची घोषणा झाली. सोमवारी, २ नोव्हेंबरला ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’चा पहिला चेंडू पडायचा होता. टाळेबंदी लागू झाली ५ तारखेला, म्हणजे चौथ्या गटाच्याच दिवशी. व्यावसायिक खेळाला सूट मिळाली म्हणून स्पर्धा चालू राहिली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय: जितके विजेते तितकेच खेळाडू. बारा जणांना चार गटांत तीन-तीन असं बसवता येतं. प्रत्येक गटातल्या अव्वल मानांकिताला थेट गटाच्या अंतिम लढतीत आणायचं आणि बाकी दोघांचा एकच सामना आधी घ्यायचा. नावाशी सर्वांत प्रामाणिक वाट हीच. पण पंधराऐवजी अकरा सामने होतात आणि चार दिवस दुपारचा एकेक सामना जातो. प्रक्षेपणावर उभ्या असलेल्या स्पर्धेला हे परवडत नाही, आणि त्या वर्षी प्रेक्षकांची तिकिटंही नव्हती, म्हणजे प्रक्षेपण हाच आधार. शिवाय मानांकिताला २६ऐवजी २२ फ्रेममध्ये जेतेपद मिळतं. सर्वांत मोठी तफावत थकव्याची. चौघांच्या गटात कोणीही एका दिवसात जास्तीत जास्त ७ + ११ म्हणजे १८ फ्रेम खेळतो. फ्रेमला सरासरी वीस मिनिटं धरली तरी टेबलावरचे सहा तास. त्यातल्या सात फ्रेमपर्यंत आधीच खेळून आलेला आणि ताजातवाना असे दोघे समोरासमोर आणणं हा न्याय नव्हे.

दुसरा पर्याय: मुदत बारा महिन्यांवरून चोवीसवर नेणं. क्रमवारीच्या स्पर्धा धरल्या, तर त्याआधीच्या वर्षात मोजून चार नवी नावं सापडतात: स्कॉटिश ओपन २०१८ जिंकलेला मार्क अॅलन, शूटआउट २०१९ जिंकलेला थेपचाया उन-नू, कोचीची इंडियन ओपन जिंकलेला मॅथ्यू सेल्ट आणि रिगा मास्टर्स जिंकलेला यान बिंगताओ. बारा अधिक चार, सोळा. कागदावर हा हिशेब मोहात पाडतो. पण हे चारही करंडक २०१९च्या आवृत्तीआधीचे, त्याच आवृत्तीच्या मुदतीतले. त्यांच्यावर पुन्हा आमंत्रण देणं म्हणजे एकाच तिकिटावर दोनदा प्रवास. आणि पुढच्या वर्षी विजेते भरपूर असतील तर मुदत पुन्हा आखडायची का, हा प्रश्न उरतोच.

तिसरा: समांतर सर्किटच्या विजेत्यांना घेणं. याला चांगला आधार आहे. २०१९ मध्ये महिला विश्वविजेती रिअॅन इव्हान्स या स्पर्धेत खेळली आणि शॉन मर्फीकडून ३–४ अशी निर्णायक फ्रेममध्ये हरली. ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धेचं जेतेपद ऑगस्ट २०२० मध्ये जिमी व्हाइटने केन डोहर्टीला ५–४ असं हरवून मिळवलं होतं. ‘विजेता’ या शब्दाला धक्का न लावता जागा भरण्याचा हा मार्ग आहे, म्हणून तो पहिल्यांदा वापरावा असं आमचं मत. पण त्यातून एखाद-दुसरी जागा भरते, चार नव्हेत.

चौथा: उपविजेते. वरच्या अठरा स्पर्धांच्या अंतिम फेरीत हरलेल्यांपैकी बरेच जण स्वतः दुसरीकडे विजेते होते. विल्सन वेल्श ओपन, जिब्राल्टर आणि विश्वस्पर्धा या तिन्ही ठिकाणी उपविजेता होता, पण लीग जिंकून तो आत आला. जे कुठेच जिंकले नाहीत असे उपविजेते तरीही किमान सात उरतात: जॅक लिसोव्स्की, अली कार्टर, झोउ युएलाँग, ग्रॅम डॉट, यान बिंगताओ, मार्क अॅलन, मार्टिन गूल्ड. त्यांतून चौघे निवडायचे कसे? मास्टर्सचा उपविजेता मोठा की दोन अंतिम फेऱ्या गाठलेला झोउ? स्पर्धांचा मानक्रम आधी लिहून ठेवला नसेल, तर प्रत्येक उत्तर नंतर जुळवल्यासारखं दिसतं.

पाचवा: जागतिक क्रमवारीतून वरची नावं. मोजायला सर्वांत सोपं, वादाला जागा नाही. पण मग ही स्पर्धा मास्टर्सची धाकटी आवृत्ती होते, कारण मास्टर्समध्ये क्रमवारीतले पहिले सोळाच खेळतात.

काय केलं गेलं

सोळा जागा कायम राहिल्या आणि बक्षिसाची रक्कमही. स्पर्धा कॉव्हेंट्रीहून मिल्टन कीन्सच्या मार्शल अरीनात हलली. या जागेचा फायदा असा की स्टेडियमच्याच आवारात हॉटेल आहे. आल्यावर चाचणी, निकाल येईपर्यंत खोलीत, मग टेबल, मग परत खोली: बाहेर पाऊल न टाकता पूर्ण आठवडा काढता येतो. जूनमधली लीग आणि टूर चॅम्पियनशिप याच पद्धतीने इथे झाल्या होत्या. त्यामुळे कर्मचाऱ्यांना हा क्रम सवयीचा होता. प्रेक्षक नव्हते.

विजेते पुरले नाहीत तिथे ज्यांच्याकडे त्या वर्षीचा करंडक नव्हता अशांना घेऊन जागा भरल्या. त्यांतलाच एक मार्क अॅलन. जूनमध्ये टूर चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात तो मॅग्वायरकडून ६–१० असा हरला होता. शेवटचा करंडक डिसेंबर २०१८चा.

निकाल

८ नोव्हेंबरला अॅलनने गतविजेत्या रॉबर्टसनला १०–६ असं हरवून स्पर्धा जिंकली. वर्षभरात एकही करंडक न जिंकलेला खेळाडू विजेत्यांचा विजेता झाला.

यात अॅलनकडे बोट दाखवण्यासारखं काहीही नाही. सात दिवसांत चार सामने, शेवटी गतविजेता समोर, आणि फरक चार फ्रेमचा. त्याची योग्यता टेबलावर सिद्ध झाली. प्रश्न फक्त दाराचा आहे. ज्या नियमाने तो आत आला तो नियम प्रेक्षकाला हंगामाच्या सुरुवातीला वाचता आला असता का?

त्याच वर्षातलं दुसरं उदाहरण इथे उपयोगी पडतं. टूर चॅम्पियनशिपमध्ये तेव्हा एका हंगामाच्या कमाईनुसार पहिले आठ खेळत. डिंग येऊ शकला नाही म्हणून नववा मॅग्वायर आत आला आणि त्यानेच ती जिंकली. म्हणजे पाच महिन्यांच्या अंतराने दोन स्पर्धा अशा खेळाडूंनी जिंकल्या, जे पहिल्या यादीत नव्हते. मॅग्वायरच्या जागेबद्दल कोणी प्रश्न विचारण्याचं कारणच नव्हतं, कारण आठानंतर नऊ येतो. विजेत्यांच्या यादीला असा पुढचा आकडा नसतो. बाराव्या विजेत्यानंतर तेरावा विजेता अस्तित्वातच नाही. तिथून पुढे मोजमाप बदलावंच लागतं, आणि ते कुठे आणि कसं बदलायचं हा या प्रकरणातला खरा निर्णय आहे.

निर्णयाच्या जागा आणि वेगळं काय करता येईल

सगळे करंडक सारखेच का? विश्वविजेता व्हायला १० + १३ + १३ + १७ + १८ अशा ७१ फ्रेम जिंकाव्या लागतात, आणि स्पर्धा सतरा दिवस चालते. शूटआउटमध्ये १२८ खेळाडू असतात, प्रत्येक सामना एकाच फ्रेमचा आणि तीही दहा मिनिटांची. पहिली पाच मिनिटं फटक्याला १५ सेकंद, पुढची पाच १० सेकंद. सात फ्रेम जिंकल्या की करंडक. ओसुलिव्हनच्या ७१ आणि होल्टच्या ७ फ्रेमना प्रवेशापुरतं सारखंच वजन मिळतं. आमच्या मते ते तसंच राहावं. दाराशी वजनकाटा लावला, की लहान स्पर्धा जिंकणाऱ्याला वर्षातून एकदा मिळणारी ही संधी जाते, आणि स्पर्धेचा वेगळेपणाही जातो. वजन लावायचं तर ते ड्रॉमध्ये, म्हणजे कोण कोणाशी खेळणार हे ठरवताना, लावावं. विश्वविजेता, यूके विजेता, मास्टर्स विजेता आणि गतविजेता हे चार गटांचे अव्वल मानांकित, त्यांच्याखाली क्रमवारीच्या स्पर्धांचे विजेते, मग बिगर-क्रमवारीचे, सर्वांत खाली भरतीचे, म्हणजे रिकाम्या जागा भरण्यासाठी घेतलेले. एका गटात भरतीचा एकच खेळाडू, म्हणजे बारा अधिक चारचा हिशेब सरळ बसतो आणि प्रत्येक गटात तीन खरे विजेते राहतात. २०२० साठी हे चार अव्वल असे निघाले असते: ओसुलिव्हन, डिंग, बिंगहॅम, रॉबर्टसन. चारही वेगळी नावं. एकाच खेळाडूकडे यांतले दोन किताब असतील त्या वर्षासाठी पाचवा किताब कोणता धरायचा, तेही लिहून ठेवावं लागेल. त्यासाठी टूर चॅम्पियनशिप योग्य.

भरतीचा क्रम. तो हंगाम सुरू होण्याआधी जाहीर व्हावा, आणि एकाच प्रकारचा नसावा. आधी महिला आणि ज्येष्ठ विश्वविजेते. मग विश्वस्पर्धा, यूके आणि मास्टर्स यांचे उपविजेते, याच क्रमाने. मग इतर क्रमवारीच्या स्पर्धांचे उपविजेते, विजेत्याच्या बक्षिसाच्या उतरत्या क्रमाने. तरीही जागा उरली तर ठरलेल्या तारखेची क्रमवारी. २०२०ला हा क्रम लावला तर विश्वस्पर्धेचा उपविजेता विल्सन आणि यूकेचा उपविजेता मॅग्वायर आधीच आत असतात, मास्टर्सचा उपविजेता कार्टर येतो, आणि टूर चॅम्पियनशिपच्या मोठ्या बक्षिसामुळे अॅलनही वरच्या नावांत राहतो. म्हणजे जवळपास तोच निकाल, पण कारण छापील.

ट्रम्पसारखं वर्ष हा अपवाद समजणं हीच नियोजनातली चूक ठरते. स्नूकरमध्ये एकेका काळात तीन-चार खेळाडूंचं वर्चस्व असणं नेहमीचं आहे. नियम लिहिताना बारा वेगळे विजेते हा मधला आकडा धरावा, सोळा नव्हे. सोळाहून जास्त विजेते निघाले तर कोणाला वगळायचं, ते शेवटच्या ओळीत लिहावं.

शेवटची तारीख. शुक्रवारी स्पर्धा संपते आणि सोमवारी तिच्या विजेत्याने दुसरीकडे खेळायचं, ही साखळी फार ताणलेली आहे. भरतीच्या शेवटच्या नावाला शुक्रवारपर्यंत पक्कं काही सांगता येत नाही. लीग कोणी नव्या खेळाडूने जिंकली असती तर त्या नावाची जागा गेली असती, म्हणजे किमान १२,५०० पौंड. पंधरा दिवस आधी यादी बंद करावी आणि त्यानंतरचा विजेता पुढच्या वर्षीच्या यादीत पहिला घ्यावा. याचा तोटा असा की वर्षभरानंतर तो खेळाडू लयीत नसू शकतो. तरी तो तोटा पत्करण्यासारखा आहे, कारण ड्रॉ, गटांचे दिवस, प्रक्षेपणाचं वेळापत्रक आणि महामारीच्या काळात चाचण्यांच्या वेळा हे सगळं याच यादीवर चालतं.

राखीव खेळाडू. याची गरज दोनच महिन्यांत दिसली. जानेवारी २०२१ची मास्टर्सही मिल्टन कीन्समध्ये झाली. चाचणी पॉझिटिव्ह आल्यामुळे ट्रम्प आणि लिसोव्स्की यांना माघार घ्यावी लागली, आणि जो पेरी व गॅरी विल्सन त्यांच्या जागी आले. सोळानंतर सतरावा, अठरावा. एका ओळीत प्रश्न सुटला. ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ मात्र रोज एक गट संपवते. बदली खेळाडू दुपारच्या सामन्याआधी टेबलापाशी नसेल तर समोरच्याला पुढे चाल द्यावी लागते आणि प्रक्षेपणात भोक पडतं. म्हणून भरतीच्या क्रमातली पुढची दोन नावं पहिल्या दिवसापासून आवारात, चाचणी झालेली, क्यू आणि पोशाखासह तयार हवीत. गुरुवारी पहिले दोन सामने सुरू झाले की दोघांनाही मोकळं करता येतं, कारण त्यानंतर नवा खेळाडू आत येऊच शकत नाही.

त्यांना मोबदला द्यायला हवा. चार दिवस खोलीत बसून एकही फटका न मारता परतणाऱ्या खेळाडूला पहिल्या फेरीच्या रकमेचा पाचवा हिस्सा, म्हणजे २,५०० पौंड आणि राहण्याचा खर्च, दिला तर दोघांचे मिळून ५,००० होतात. ४,४०,०००च्या स्पर्धेत हा सव्वा टक्क्याहूनही कमी खर्च आहे. तो उपविजेत्याच्या किंवा विजेत्याच्या रकमेतून न काढता आयोजनाच्या खर्चात धरावा, म्हणजे बक्षिसाचा जाहीर तक्ता बदलावा लागत नाही.